मधेच जड होतं

...नाही, तुम्हाला सांगतो, इंजिन फुटलेली गाडी आणा, चाक निखळलेली आणा, पाण्यात बुडालेली आणा, मी हसत हसत बॉनेट उघडतो, पण ‘मधेच होतं’ असं म्हणून गाडी आणू नका हो! मधेच म्हणजे कधी? तर ‘मधेच!’ काय होतं? ‘होतं काहीतरी!’ बरं, आत्ता होतंय का? ‘छे, आत्ता कुठे!’ मग मी काय करू, गाडीच्या उशाशी बसून राहू? दाढ ठणकते म्हणून माणूस दवाखान्यात जातो आणि खुर्चीत बसल्या बसल्या ठणका गायब होतो ना, तसलाच हा प्रकार, फक्त तिथे माणूस निदान बोट घालून दाखवतो तरी, की ही बघा, ही! गाडीला बोट कुठलं? मी मेकॅनिक आहे, मनकवडा नाही!

आणि गिऱ्हाईक कोण, तर आमचे बाबा.

बाबा म्हणजे आग विझवणाऱ्या बंबाचे ड्रायव्हर, आता निवृत्त. त्या बंबाला पॉवर स्टेअरिंग वगैरे काही नव्हतं, जी काय पॉवर होती ती बाबांच्या दंडात. अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंनी माणसं ओरडताहेत, वर धूर, आणि बाबा ते धूड असं मागे घ्यायचे की भिंतीचा चुना नाही निघायचा. उंचीनं बेताचे, पण स्टेअरिंगवर बसले की मोठे दिसायचे. त्या माणसानं आईला गुडघ्याच्या व्यायामाला घेऊन जाताना दवाखान्याच्या फाटकाचा खांब ठोकला. खांब! जो जागचा हलत नाही, ज्याला पांढरा-काळा रंग दिलेला, तो!

मग काय, घरात कोर्ट भरलं. जेवणाच्या टेबलावर आई, माझी बायको, मी, आणि मधोमध मोबाईल ठेवलेला, त्यात आमची ताई. ताई लांब राहते त्यामुळे तिला सगळं जास्त स्पष्ट दिसतं. ‘मी म्हणत होते! मी मागच्या वेळीच म्हणत होते, वय झालंय, किल्ली काढून घ्या! उद्या कुणाचं मूल आलं मधे तर?’ आता हे बोलणं चुकीचं आहे का? नाही ना! म्हणून तर राग येतो. बायको हळूच म्हणाली, ‘बाबा, मी सोडत जाईन आईंना.’ बाबांनी ताटातलं संपवलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘स्टेअरिंग जड झालं. मधेच. दिवा लागला पिवळा. गाडी बंद करून चालू केली, तर हलकं झालं.’ झालं. एवढंच. आयुष्यात कधी सबब न सांगितलेला माणूस सबब सांगायला लागला की ऐकणाऱ्यालाच लाज वाटते हो. सगळ्यांनी आईकडे बघितलं, ती शेजारी बसलेली ना! आई म्हणाली, ‘मला काय विचारता? मी डोळे मिटून घेतले होते.’ मग मीच बोललो, मोठा शहाणा, ‘बाबा, हात थकले असतील.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग किल्ली खिशातून काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. ‘तू मेकॅनिक आहेस,’ म्हणाले, ‘बघ.’

घ्या! म्हणजे आता सापडलं तर बाबांची गाडी बाबांना, नाही सापडलं तर बाबा जन्मभर खिडकीपाशी. आणि निकाल देणार मी! अहो, मी मेकॅनिक आहे...

बरं, ही हल्लीची स्टेअरिंग म्हणजे काय भानगड आहे माहितीय का तुम्हाला? पूर्वी दांडा होता, दात होते, ग्रीस होतं, संपलं. आता आत दोन डबे बसलेत. मोड्यूल म्हणतात, पण आपण डबेच म्हणू. एक डबा वर, स्टेअरिंगच्या चाकाच्या दांड्यापाशी. त्याचं काम फक्त सांगायचं. ‘वळलो हं! डावीकडे वळलो! साहेबांनी जोर लावलाय, भरपूर लावलाय!’ दुसरा खाली, मोटरपाशी. त्याचं काम ऐकायचं आणि हात लावायचा. ‘बरं बरं, ऐकलं, ढकलतो!’ आणि दोघांच्या मधे दोन बारीक वायरी, एकमेकींना पीळ घातलेल्या. दिवसभर हे दोघं अखंड बडबडत असतात, आमच्या घरातसुद्धा इतकं कुणी कुणाशी बोलत नाही. आणि एक क्षण जरी वरच्याचा आवाज खालच्याला आला नाही, की खालचा हात काढून घेतो. ‘निरोप नाही ना आला? मग मी नाही हात लावत! भलतीकडे वळवलं तर नाव माझं!’ की झालं स्टेअरिंग जड, लागला पिवळा दिवा. आणि हा खालचा नुसता हात काढून थांबत नाही, चुगलीही करून ठेवतो, की अमुक डब्याशी संपर्क तुटला. तो झाला कोड. आम्ही स्कॅनर लावतो, चुगल्या वाचतो, दोष धरतो. सोपं आहे की नाही?

आहे ना! पण ऐका पुढे. आमच्या धंद्यात गाड्या येतात चार ठिकाणी हात मारून. त्यात जुन्या चुगल्या शिळ्या होऊन पडलेल्या असतात, कुणीतरी कधीतरी बॅटरी काढलेली, वायर ओढलेली. म्हणून आम्ही आधी सगळं पुसतो आणि मग गाडी फिरवतो. खरा दोष असेल तर परत येतो, खोटा असेल तर जातो. इतकी वर्षं पुसतोय की बोट माझं राहिलंच नाही, ते आपलं आपण जातं. तर मी बाबांची गाडी आत घेतली, स्कॅनर लावला, पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘संपर्क...’ एवढं वाचलं, आणि बोट गेलं! पुसलं! सगळं स्वच्छ! हिरवं! ‘दोष नाही!’

तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन सरकली. बाबांच्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार, आणि मी, त्यांच्या पोटच्या पोरानं, त्याला दाराबाहेर काढलं. संध्याकाळी ताईला फोन केला, ‘ताई, होतं गं काहीतरी, मी बघितलं.’ ती म्हणाली, ‘होतं म्हणजे? आता आहे का?’ म्हटलं, ‘आता नाही.’ म्हणाली, ‘मग नाही.’ ...बोला! वकील व्हायची ती, घरात बसून फुकट गेली.

मग सुरू झाली माझी वणवण. खरा दोष परत येतो ना? मग फिरवा गाडी! खड्ड्यातून फिरवली, चढावर फिरवली, रिकाम्या मैदानात चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून भोवऱ्यासारखी फिरवली, शेवटी मलाच गरगरायला लागलं, गाडी आपली गोगलगाय! मीटर लावून वायरी तपासल्या, चोख. सगळी जुडगी धरून गदागदा हलवली, काही नाही. शेजारचा डेंटिंगवाला पत्रा ठोकायचा थांबला आणि म्हणाला, ‘काय, भूतबाधा उतरवतोय काय?’ म्हटलं, ‘तू तुझा पत्रा बघ!’ तर म्हणतो, ‘बघतोय ना, याच गाडीचा बघतोय. खांब सरळ बसलाय समोरून. वायरीनं नाही बसत असा खांब.’ ...आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. घरी गेलो की बाबा विचारायचे नाहीत, नुसतं मान वर करून बघायचे. मी बूट काढण्यात फार वेळ लावायचो. मनातल्या मनात म्हणायचो, मी मेकॅनिक आहे, मनकवडा नाही, कळलं?

शेवटी बाबाच आले गॅरेजवर. चालत. म्हणाले, ‘मी बसून बघू का एकदा? चालवत नाही. नुसता बसतो.’ आता नाही कसं म्हणणार? बसले. आणि बसल्या बसल्या काय केलं, तर सीट पुढे ओढली. अजून पुढे. मग दांड्याखालची खिट्टी सैल केली आणि चाक खाली घेतलं, पार खाली, मांडीला टेकेपर्यंत, बंबातली सवय. किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं, चाक थोडं डावीकडे नेलं...

लागला दिवा! पिवळा! ढळढळीत!

मी आ वासून उभा. अहो, मी उंच! मी दर वेळी गाडीत बसायचो तो सीट मागे लोटून आणि चाक वर उचलून, माझ्या सोयीनं! त्या दांड्याखालची वायर तोकडी होती, चाक खाली घेतलं की ताणली जायची आणि टोकाची पिन मधेच जागा सोडायची. चाक वर, की सगळं ठीक. मी इतके दिवस गाव पालथं घातलं, पण बाबांच्या जागी बाबांसारखा एकदाही बसलो नाही. मला रडूच आलं, अगदी गॅरेजमधे, पाना हातात धरून. बाबांनी दिव्याकडे बघितलं, मग डेंटिंगवाल्याकडे बघितलं. तो पत्र्याला लागला.

वायर वाढवली, पिना नव्या घातल्या, जुडगं नीट बांधलं, चाक खाली घेऊन हवं तेवढं फिरवलं, दिवा नाही. मशीन हिरवं. घरी किल्ली दिली, दोन्ही हातांनी दिली. ताई फोनवर रडली, ‘बाबा, माझं चुकलं हो,’ आणि लगेच, ‘पण मी म्हणतच होते, आधी गाडी तपासा म्हणून!’ दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच निघालो आईच्या व्यायामाला, आई पुढे, मी आणि बायको मागे, लग्नाला निघाल्यासारखे. बाबा तर काय, एका बोटानं चाक वळवत होते आणि आरशातून मला दाखवत होते. लोण्यासारखं स्टेअरिंग! दवाखाना आला. फाटक आलं. डावीकडे वळायचं होतं.

आणि बाबा वळलेच नाहीत. म्हणजे वळले हो, पण उशिरा. खांब समोर दिसत होता, मला मागून दिसत होता, पांढरा-काळा, मोठा मोठा होत आलेला, मी ओरडलो ‘बाबा!’ आणि ब्रेक लागला, आणि बाजूचा आरसा खांबानं अलगद काढून घेतला. तुकडे खाली पडले. इंजिन चालूच होतं.

बाबा समोर बघत होते. दोन्ही हात चाकावर. फार हळू आवाजात म्हणाले, ‘जड झालं का रे? दिवा... लागला का?’

आम्ही सगळ्यांनी काटे, आकडे, काय काय आहे चाकासमोरच्या त्या पट्टीवर ते बघितलं. दिवा नव्हता. मागून मलाही दिसत होतं की दिवा नाही. आणि तेवढ्यात आई म्हणाली, ‘लागला होता. मी बघितला. या वेळी डोळे उघडेच होते माझे.’ बायकोनं माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, ‘हो बाबा, लागला. पुन्हा तीच वायर दिसतेय. उतरा, मी नेतो गॅरेजला.’ बाबा उतरले, गाडीला फेरी मारून मागच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, ‘मला वाटलंच.’

तेव्हापासून गाडी गॅरेजमधे आहे. आईला बायको नेते, तिच्या गाडीतून. डेंटिंगवाल्यानं आरसा बसवला. मी रोज स्कॅनर लावतो, मशीन रोज म्हणतं, दोष नाही, आणि मी ते रोज बाबांपासून लपवतो, पडद्यावर हात ठेवून, पोरं परीक्षेत पेपर झाकतात तसं! बाबा रोज येतात. चालत येतात, सीट पुढे ओढतात, चाक मांडीवर घेतात, आणि मी खाली गाडीखाली पडून ओरडतो, ‘डावीकडे घ्या!’ ते घेतात. ‘आता उजवीकडे!’ घेतात. ‘जड लागतंय?’ मग ते जरा थांबतात, विचार करतात आणि म्हणतात, ‘किंचित.’ मग मी खुश, ते खुश, आम्ही चहा पितो.

काल चहा पिता पिता म्हणाले, ‘सापडलं का रे?’ म्हटलं, ‘नाही बाबा, अवघड दोष आहे.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘सावकाश शोध. मला घाई नाही.’

...आता तुम्हीच सांगा, अशा गिऱ्हाइकाला डिलिव्हरीची तारीख कुठली द्यायची?