बिनवासाचा साबण

—न्हाई न्हाई, चंदनाचा नको. हा बी नको, गुलाबाचा तर हातात बी देऊ नका. बिनवासाचा म्हणायलो मी, ताई. कसलाच वास नसलेला – असंल की, एवढं गच्च दुकान भरलंय तुमचं! हा द्या बघू... हंऽ, याला बी हाय. लहान लेकरांचा? त्याला तर सगळ्यात जास्त. ठेवा तो.

पाहिजे मलाच, पण शिवगंगेसाठी. आमची मंडळी. केमो झाली तिची – संपली बी, दिवाळीच्या आधीच. गाठ गेली म्हणले डॉक्टर, पेढे वाटले आम्ही. पण उलटी काही संपंना. मी तेलवाला, गोलाई बाजाराच्या मागं दुकान हाय माझं, करडीचं तेल – म्हणलं अंगात वास मुरलाय, त्यानंच होत असंल. मग काय, दुकानावर पुतण्याला बसवलं, नवे कपडे घेतले, घरात फोडणी बंद. विभूती लावणं सुद्धा सोडलं हो, म्हणलं तिचा बी वास असंल – आमच्यात विभूतीबिगर कपाळ म्हणजे... जाऊ द्या. तो वरचा निळा काढा की.

मागल्या आठवड्यात सुकन्यानं, सुनेनं माझ्या, वरणाला लसणाची फोडणी दिली. मी ओरडलो तिच्यावर. तर हिनं तेच वरण मागून खाल्लं, खुशाल! मला इतका आनंद झाला, पाण्याचा तांब्या घेऊन मीच आत गेलो – अन् सगळं बाहेर. मला बघून.

डॉक्टर म्हणले, मल्लिनाथराव, गोळ्या चालू ठेवा, पण हे वासाचं न्हाई. दर सुईला तुम्हीच हात धरून बसलात, आता तिच्या जिवानं तुम्ही अन् सुई एकच धरलंय. दोष कुणाचाच न्हाई, थोडे दिवस लांब राहा. लांब राहा म्हणे! सुकन्या म्हणत होती तवा, आप्पा, आज केमोला मी जाते संगं. मीच जाऊ दिलं न्हाई. म्हणलं, माझ्याबिगर तिला धीर न्हाई.

कळतंय ताई, मला बी कळतंय, साबणाचं काम न्हाई हे. पण घरात बसून करू काय? हात रिकामे ऱ्हाईनात. दाराआड बसायचो मी, ती म्हणली होती, दिसू नका, पण बोलत राहा. मग मी आपलं सोयाबीनचा भाव, शेजारच्यांची भांडणं, काय बी सांगायचो. ती हूं हूं करायची. लई बरं वाटायचं बगा.

आज सकाळी दाराआडून नुसतं विचारलं, गंगे, चहा घेतलास का –

अन् आतून तोच आवाज. उलटीचा.

आता माझ्या आवाजाला काय लावू, सांगा.

...बघत काय बसलात? टाका पिशवीत, कुठला बी टाका. मागं गिऱ्हाईक उभं हाय तुमचं.