शनिवारचा वायरिंगचा तास

— नाय नाय मॅडम, सही करायला माझी ना नाय, पण आधी बसा तरी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे या पंख्याखाली. एवढ्या उन्हात शाळेतून चालत आलात? निरोप पाठवायचा, लडकूशेठ, जीप पाठवा — पाठवली असती की. अगो, चहा टाक, शाळेतल्या नव्या मॅडम आल्यात! — घेता ना चहा? घ्याच. तर काय बोलत होतात — हां, छंदवर्ग. सातवी-आठवीच्या पोरांना शनिवारी दोन तास, ज्याला जे आवडेल ते शिकवायचं. चांगलं आहे. मी शाळा समितीचा अध्यक्ष, मला का नको वाटेल? शिवण घ्या, चित्रकला घ्या, मागच्या जागेत भाजी लावा, पाण्याला मोटर मी देतो. फक्त ते वायरिंग तेवढं काढा. — का म्हणजे? आपल्याकडे ते चालत नाय म्हणून. — सामान आहे ना, आहे, मी कुठं नाय म्हणतो? मीच कल्याणहून आणलं होतं ते. पकडी, टेस्टर, बोर्ड, वायरची गुंडाळी — सगळं एक नंबर. पण ते कपाट बंद आहे ते बंदच बरं. तुमी नगरकडच्या, तुमाला कोण सांगणार. गावातलं कोणी काय बोललं का? नाय ना? मग माझ्याकडूनच ऐका, उद्या कोणी वेडंवाकडं सांगण्यापेक्षा.

सात-आठ वर्षं झाली. वेखंडे सर होते आपल्याकडे, विज्ञानाचे. बारीक माणूस, पण डोक्यात सारखं काहीतरी चालू. त्यांनीच काढला हा छंदवर्ग — पोरांना वायरिंग, पोरींना शिवण. आमच्या गावात तेव्हा एक बल्ब बदलायचा तर किन्हवलीहून माणूस यायचा, मग मी पण बोललो, शिकवा, चार पोरं तयार झाली तर बरंच आहे. आणि एका शनिवारी सर आले, आता तुमी बसलायत तिथंच बसले, बोलले, शेठ, वरच्या वाडीची एक पोरगी शिवणाच्या वर्गातून उठून वायरिंगच्या दारात येऊन उभी राहते, दोनदा हाकलली, तिसऱ्यांदा परत उभी. बसवू का तिला? ती यमाजीची रत्ना — वरची वाडी म्हणजे ठाकरांची, ती बगा, डोंगराला चिकटलीय ती. यमाजी माझ्याच भातात कामाला असायचा, त्याची बायको हौशी पण. मी काय बोललो? बसवा! शिकू दे की, मी बोललो, पोरगी झाली म्हणून काय झालं. हे लक्षात ठेवा हां मॅडम — तिला त्या वर्गात मी बसवलं. लोक हे विसरतात.

आणि काय पोरगी होती. आमच्याशी बोलायची पण अशी खाली बघून, अर्धं तिच्या घरच्या बोलीत, अर्धं पुस्तकातलं — "बाबा, ह्याचा फेज चुकीचा जोडलाय." मला बाबाच म्हणायची. हा पंखा आहे ना डोक्यावर, हा तिनं चालू केलाय. दोन उन्हाळे नुसता लटकत होता, किन्हवलीचा माणूस बोलला फेकून द्या. ही स्टुलावर चढली, पटकन उघडला, काहीतरी फुंकलं, पुसलं, वायर सोलली दातांनी — मी ओरडलो, अगो दात जातील — हसली. चालू. मुरबाडला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं, तिथं तिनं घंटी करून नेली, कागदाच्या खोक्यात, दाराला हात लावला की वाजायची. शहरातल्या शाळेची पोरं तिच्यापुढं रांग लावून उभी. सर इतके खूश — येताना एसटीत सगळ्या पोरांना भेळ दिली त्यांनी. आणि गंमत काय, मॅडम, तिच्या स्वतःच्या घरात लाइट नाय. वाडीला लाइनच नव्हती तेव्हा. तरी हिनं कुडाच्या भिंतीवर बोर्ड बसवला होता, मोडक्या सामानातला — दोन बटणं, होल्डर, पुढं नीट खिळे मारून नेलेली वायर, आणि ती वायर आढ्याशी संपायची. पुढं काय नाय. हौशी सांगायची, रोज संध्याकाळी पोरगी बटण दाबून बघते. मी विचारलं तिला, काय गो, येडी का तू? बोलली, "बाबा, लाइन आली की फक्त जोडायची बाकी."

— घ्या ना बिस्किट. — हां, सांगतो. सांगतोच आहे.

आमच्या कमळचं लग्न होतं त्या मे महिन्यात. एकुलती एक पोरगी माझी, जोरात करायचं ठरवलं होतं. दारात मोठा मांडव, ट्यूबा, झालर, गेटवर फिरता गणपती. आणि दिवस कसले — तिथीच एवढ्या दाट की जिकडं तिकडं लग्न, वायरमन कबूल करून दुसरीकडे गेला. मांडववाल्यानं घरातून लाइट ओढली तर फ्यूज उडाला, परत बसवला, परत उडाला. दुपार कलायला आली, हळदीला मुलाकडची माणसं यायची वेळ. मग पोलावर आकडा टाकायचा — त्यात काय, लग्नात सगळेच टाकतात, तुमच्या नगरला टाकत नसतील तर मला सांगा. पण टाकणार कोण? कोणीतरी बोललं, वाडीची रत्ना. पाठवला माणूस. ती करवंदं काढायला गेली होती, तशीच आली — टोपलीसकट. ती टोपली आधी आत नेऊन कमळला दिली, नवरीला. ओठ सगळे जांभळे झालेले तिचे. मग पोलाशी आली. शिडी लावलेली होतीच. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, आणि मला विचारलं, "बाबा, डीपी पाडलाय का?"

म्हणजे डीपीचा खटका पाडून पोलाची लाइन बंद केलीय का. पाडलाय, मी बोललो. मंगळूला पाठवलाय डीपीवर, कवाचा. मंगळू म्हणजे माझा ड्रायव्हर — तोच सगळं बघायचा. — हो, सांगितलं मी तसं. पण पोरगी चढेना. "टेस्टर लावून बघते," बोलली. आता टेस्टर कुठला आणायचा? सुट्टी लागलेली, टेस्टर शाळेच्या कपाटात, सर गावाला. मग बोलली, "मंगळूकाका येऊ दे, मग चढते. सर बोललेत, बंद करणारा माणूस समोर आल्याशिवाय हात लावायचा नाय." एवढी माणसं जमलेली, मॅडम. माझे व्याही वेशीपर्यंत आलेले, वाजंत्री ऐकू येतेय, आणि सातवीतली पोरगी मला सगळ्यांपुढं सांगतेय सर काय बोललेत. मी काय रागावलो नाय. जरा हसूनच बोललो — आता तू मला शिकवणार काय गो? तुझ्या बापाला मी पोसतो, मी खोटं बोलेन? — असं गमतीत. तिनं यमाजीकडे बघितलं. तो तिथंच होता, मांडवाला बांबू धरून. तो बोलला, "चढ गो बाय, बाबा सांगतात ना." मी नाय — तिचा बाप बोलला चढ.

चढली.

आवाज काय मोठा झाला नाय. लोकांना वाटतं मोठा होतो.

नंतर बघायला गेलं तर कोणाच्याच हातात काय नव्हतं. बाजेवर घातली तिला, चार माणसांनी उचलून डांबरी रस्त्यापर्यंत नेली, पळत. तिथं गाडीची वाट बघितली. जीप असती दारात तर वेगळं झालं असतं, पण जीप सकाळीच मंगळू मुरबाडला घेऊन गेलेला, आचाऱ्याची मोठी भांडी आणायला, तो अंधार पडल्यावर आला. शेवटी दुधाचा टेम्पो मिळाला. किन्हवलीला डॉक्टरनं नुसता हात धरला आणि बोलला, शहापूरला न्या. शहापूरला नेली, पण ती काय उपचाराला नाय — कागदाला. हौशी टेम्पोत मागं बसलेली, पोरीच्या पायाला हातानं चोळत. थंड पडतायत, थंड पडतायत, एवढंच. — हळद? हळद लागली ना, मॅडम. घराच्या मागं, गॅसबत्तीवर. कमळ आतून दार लावून बसली होती, करवंदाची टोपली मांडीवर, दार तोडायची पाळी आणली तिनं. पण लग्न काय थांबवता येतं? मुलाकडचे परत गेले असते. मला तुमी सांगा, बाप म्हणून मी काय करायला पाहिजे होतं?

पोलीस आले दुसऱ्या दिवशी. त्यांना पण लिहायचं तर काहीतरी पाहिजे. वाडीत गेले, भिंतीवर तो बोर्ड बघितला, बटणं, होल्डर, वायर — झालं. चोरून लाइट घ्यायला पोरगी पोलावर चढली. मी असं सांगितलं नाय हां! मी फक्त गप्प बसलो. अख्खं गाव गप्प बसलं, मी काय एकटा? वाडीपासून पोल किती लांब, कोणीच विचारलं नाय. अंगठा लावायला यमाजीला इथं आणला, त्या पायरीवर बसवला. तो माझ्याकडे बघून बोलला, "बाबा, माझी पोर चोर नव्हती, एवढं तरी लिवा." आता ते लिहायचं म्हणजे मग बाकीचं पण लिहायला लागलं असतं. समजावलं त्याला. बोललो, पोरगी तर गेली, आता तू पण जाशील कोर्टाच्या फेऱ्यांत. लावला अंगठा. वेखंडे सर सुट्टीवरून धावत आले, पोलीस ठाण्यात जाऊन बोलले, माझी विद्यार्थिनी लाइन चालू असताना चढणारच नाय, तिला कोणीतरी बंद आहे म्हणून सांगितलं. लय बोलले. मग त्यांच्यावरच आलं ना सगळं — पोरींना असलं शिकवता कशाला? समितीनं काढलं त्यांना. मी नाय, समितीनं. आणि हौशीनं काय करावं? भिंतीवरचा बोर्ड उपटला, मातीसकट, आणि आणून माझ्या ओटीवर ठेवला. ठेवला आणि गेली. त्या दिवाळीनंतर दोघं वीटभट्टीवर गेली भिवंडीकडे, परत वाडीत आलीच नाय. माणसं पाठवली मी दोनदा. बोललो, तांदूळ भरून देतो, घर शाकारून देतो. हौशीनं माणसाला पाणी पण विचारलं नाय. आता मी अजून काय —

काय? — मंगळू? मंगळूचं काय?

नाय, मी असं कुठं बोललो. — मुरबाडला गेला होता म्हणजे… सकाळी गेला असेल, मग आला असेल मधेच, डीपी पाडून परत गेला असेल. इतकी वर्षं झाली, कोण कुठं होता मला काय पाठ आहे? — भांडी, हो, भांडी… अंधार पडल्यावर… तुमी काय माझी हजेरी घ्यायला आलात? सही घ्यायला आलात ना? मग तेवढं बोला. मी पाठवणारच होतो कोणाला तरी. तोंडात मंगळूचं नाव आलं, कारण नेहमी तोच जायचा. माणूस घाईत बोलतो. तुमच्या घरात लग्न झालं नाय काय कधी?

हा कागद घेऊन जा तुमी. वायरिंग खोडा, शिवण लिहा, सही करतो. — नाय, तसाच ठेवू नका इथं, घेऊन जा. आणि एक सांगतो, मनाला लावून घेऊ नका. तुमी अजून शिक्षणसेवक. कायम व्हायचं बाकी आहे ना? मग. वेखंडे सर पण हुशारच होते.

तिकडे काय बघताय? — हां. तोच डीपी. तेव्हापण तिथंच होता, आंब्याखाली, अंगणातून सरळ दिसतो. कोणीपण गेलं असतं, लांब काय नाय. पाहुणे आले होते दारात, मॅडम. पाहुणे दारात असताना यजमानानं अंगण सोडायचं नसतं…

या तुमी. — या म्हणतोय ना.