झाकणावरचा ठिपका

मुलगी : मान अजून मागे घ्या, बाबा. आणि डोळा मिचकावू नका, थेंब सगळा गालावर जातोय.

बाबा : गार लागतंय गं. अख्खं आयुष्य चुन्यात आणि टर्पेंटाइनमध्ये काढलं, आणि आता एका थेंबाला घाबरतोय.

मुलगी : झालं. पट्टी आता परत बांधायची नाही म्हणालेत डॉक्टर. उघडा हळूच. काय दिसतंय?

बाबा : तू दिसतेस. केस कधी पिकले गं तुझे?

मुलगी : थांबा, पट्टीच बांधते परत.

बाबा : रागावू नकोस. अगं, भांडी बघ कशी लखलखतायत. आणि हे कपाट कधी रंगवून घेतलंस?

मुलगी : घेतलंस काय? तुम्हीच रंगवलंत की मागच्या महिन्यात. कारखान्यातला उरलेला रंग आणून.

बाबा : ते निळं होतं. आकाशी.

मुलगी : हेच ते.

बाबा : हे हिरवट आहे.

मुलगी : हो, पहिल्या दिवसापासून हिरवटच आहे. तुम्ही आपले निळं निळं म्हणत होतात, आम्ही दोघं नवरा-बायको गालातल्या गालात हसत होतो. म्हटलं, फुकटच्या रंगाला नावं कशाला ठेवा.

बाबा : थांब. नवा डोळा झाकून जुन्याने बघतो. मळकं दिसतंय. निळं म्हटलं तर निळं, हिरवं म्हटलं तर हिरवं. आता जुना झाकतो. हिरवट. अगदी स्वच्छ हिरवट, चिमे.

मुलगी : मोतीबिंदू होता ना, त्यानेच. दुसऱ्या डोळ्याचं झालं की तोही सुधारेल. एवढं काय त्यात?

बाबा : बोलली का नाहीस तू मला?

मुलगी : तुम्हाला? रंगाबद्दल? घरात कुणाची छाती आहे? लहानपणी रंगांच्या नमुन्यांच्या त्या शेड कार्डाला हात लावला म्हणून मार खाल्लाय मी. ऊन लागून त्यावरचे रंग उडू नयेत म्हणून पाकिटात ठेवायचात. आणि जेवताना तेच पुराण. पूर्वी कारखान्यातले पाइप रंगवताना जो तो आपल्या मनाने निळा कालवायचा, एकाचं आकाश सकाळचं तर दुसऱ्याचं दुपारचं. मग कुणीतरी भलताच पाइप उघडला, माणसं भाजली, तेव्हा कुठे प्रत्येक रंगाला नंबर आला. पाठ आहे मला सगळं.

बाबा : नंबर मोठ्या डब्यावर असतो. उरलेला रंग मी छोट्या डब्यांत ओतून ठेवतो. त्यांच्यावर नंबर नाही लिहीत. झाकणावर बोटाने ठिपका देतो, त्याच रंगाचा. रंगाची खूण रंगानेच, याहून पक्कं काय असणार, असं मीच सगळ्यांना ऐकवायचो.

मुलगी : आणि कार्डाशी लावून नाही बघितलंत?

बाबा : बघितलं ना. याच डोळ्यांनी बघितलं.

मुलगी : बरं, मग कपाट हिरवट झालं तर झालं. तुमचा चेहरा का असा उतरलाय?

बाबा : डबे दोन होते.

मुलगी : कुठले?

बाबा : कारखान्यात टाकीच्या मागून दोन पाइप जातात, शेजारी शेजारी. एकात हवा, त्याला आकाशी द्यायचा. दुसऱ्यात नायट्रोजन, त्याला हा हिरवट. जुना रंग खरवडून दोन्ही मी नव्याने रंगवले. हवेच्या पाइपला लावून जो उरला, तो तुझ्या कपाटाला.

मुलगी : म्हणजे हवेच्या पाइपला हा हिरवा लागलाय.

बाबा : हो.

मुलगी : मग दुसरा डबा?

बाबा : शेजारच्या, नायट्रोजनच्या पाइपला. म्हणजे निळा तिथे लागलाय.

मुलगी : पण पाइपवर नाव लिहिलेलं असतं ना?

बाबा : रंग वाळला की लिहायचं होतं. तेवढ्यात ऑपरेशनची तारीख आली. म्हटलं, रंग तर आहे, नावाची काय घाई, आल्यावर लिहू.

मुलगी : नायट्रोजनने काय होतं, बाबा?

बाबा : वास नाही, ठसका नाही. माणूस श्वास घेत राहतो आणि मधेच झोप आल्यासारखा खाली बसतो. टाकी धुवायला आत उतरतात ना, तेव्हा तोंडाला मास्क असतो. त्याची नळी निळ्या पाइपला जोडतात. जावईबापू आज कुठल्या कामावर आहेत?

मुलगी : सकाळी म्हणाला होता… टाकीवर.

बाबा : फोन लाव. लाव गं आधी.

(रिंग बराच वेळ वाजते. मुलगी फोन स्पीकरवर ठेवते.)

जावई : हां, बोल. उघडली का पट्टी? दिसतंय का मामांना?

मुलगी : तू कुठे आहेस?

जावई : टाकीच्या तोंडाशी. दोरी धरून बसलोय, फोन खांद्यात दाबलाय. लवकर बोल.

बाबा : आत कोण आहे?

जावई : आपला वेल्डर. पाळी माझी होती खरं तर. तो म्हणाला, आज तुझ्या सासऱ्यांची पट्टी उघडणार, घरून फोन येईल, तू वरच थांब. आत्ताच उतरलाय. का हो मामा?

बाबा : नळी कुठल्या पाइपला लावलीय?

जावई : निळ्या. नेहमीसारखी.

बाबा : वर ओढा त्याला. काही विचारू नका, जावईबापू, ओढा. त्या निळ्यात हवा नाही. माझी चूक झालीय, त्यात नायट्रोजन आहे.

जावई : काय? थांबा, दोरीला हिसका देतो… उत्तर देत नाहीये तो. अरे, इकडे या रे, सगळे या, दोरी धरा…

मुलगी : फोन पडला वाटतं त्याच्या हातून.

बाबा : बंद करू नकोस. राहू दे चालू.

मुलगी : नुसते पावलांचे आवाज येतायत. बाबा, मनगट किती घट्ट धरलंय माझं, दुखतंय.

बाबा : भीती वाटतेय गं मला.

मुलगी : मलाही. आणि लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदा मनात काय आलं माहितीये? बरं झालं, आत आपला माणूस नाही.

बाबा : माझ्याही तेच आलं. आणि त्या वेल्डरच्या घरी जेवलोय मी. त्याच्या आईने आग्रह करकरून वाढलंय मला.

मुलगी : श्श. कुणीतरी बोलतंय.

जावई : हॅलो, आहात का? काढला वर. मोकळ्यावर आणून झोपवलाय. ओठ निळे पडले होते. तोंडाने हवा दिली, आता श्वास घेतोय आपला आपण. दवाखान्याची गाडी येतेय.

बाबा : पाइप बंद केलेत?

जावई : दोन्ही. कुणी हात लावायचा नाही म्हणून माणूस उभा केलाय तिथे.

बाबा : साहेबांना माझं नाव सांगा. डबे माझे, ठिपके माझे. आणि नुसते हे दोन नाही, मी रंगवलेले सगळे पाइप तपासायला सांगा. बॉयलरकडचे, गोदामातले, सगळे. डोळे कधीपासून असे झाले होते, मला नाही सांगता येणार.

जावई : सांगतो. मामा, तुम्ही आधी खाली बसा. अगं, बसव त्यांना. एक मिनिट, याने डोळे उघडले. काहीतरी पुटपुटतोय.

मुलगी : काय म्हणतोय?

जावई : विचारतोय, तुझ्या सासऱ्यांना दिसायला लागलं का रे. काय सांगू याला?

मुलगी : बाबा, बोला ना काहीतरी.

बाबा : सांगा, दिसतंय.