मंगळवारच्या कहाणीची सुटी पाने

नाव: मुतबर इस्तमोव्ना हैतोवा. वय: २३ वर्षे. शिक्षण: पदवीधर, पूर्वेकडील भाषा. व्यवसाय: लघुचित्रांच्या कारखान्यात दुभाषी. राहणार: तुतझार मोहल्ला, जुने शहर, बुखारा.

समक्ष हजर राहून जबाब देते की,

ते पुस्तक कोणाचे, असा पहिला प्रश्न मला विचारण्यात आला. याचे उत्तर मला देता येत नाही. ज्या तीन बायकांनी ते लिहिले त्या कधीच्या वारल्या. ज्यांनी ते सांभाळले त्या सलोमत बीबींना आता दिसत नाही. विकले त्यांच्या नातवाने, फिरूझने, आणि तेही बीबी इस्पितळात असताना. विकत घेतले माझे मालक उस्ता नर्झुल्लो यांनी, आणि तक्रार त्यांचीच आहे. बाकी मला जे माहीत आहे ते लिहिते. लेफ्टनंट जुराएव यांच्या परवानगीने हा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण माझ्या बोलण्याचा वेग त्यांच्या पेनाला झेपेना.

उस्तांचा कारखाना टोपीवाल्यांच्या बाजाराच्या घुमटामागे, त्यांच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. तेथे जुन्या अरबी लिपीतली पुस्तके आणतात, शिवण उसवून पाने सुटी करतात आणि प्रत्येक पानावर, मजकुराच्या मधोमध, चित्र काढतात. डाळिंबाच्या झाडाखालची जोडी, घोडेस्वार, उंटांचा तांडा. चित्राच्या कडेने जुनी अक्षरे दिसत राहिली की प्रवासी ते पान चटकन घेतात. त्या अक्षरांत काय लिहिले आहे हे प्रवाशांना सांगणे माझे काम. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. माझे वडील टॅक्सी चालवतात. ते गिऱ्हाइकांना सांगतात, "पोरगी चार वर्षं विद्यापीठात गेली आणि उलट्या बाजूने वाचायला शिकून आली."

उस्ता अल्लाला भिऊन वागणारे आहेत. पवित्र ग्रंथाला ते कधी कात्री लावत नाहीत. त्यांची पारख अशी, आणि गावात बहुतेकांची तशीच: पहिल्या पानावर बिस्मिल्ला असेल तर ग्रंथ पवित्र, नसेल तर कापायला मोकळा. ती लिपी आमच्याकडे आता कोणी वाचत नाही, पण तेवढी अक्षरे सगळ्यांना ओळखू येतात. पूर्वी माणूस काहीही लिहायला बसला तरी सुरुवात बिस्मिल्लानेच करी, आणि जुन्या पुस्तकाचे पहिलेच पान आधी गळते, हे कोणी लक्षात घेत नाही. कारखान्यात एक ग्रंथ मखमलीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेला आहे. उस्ता रोज तो डोळ्यांना लावून कामाला बसतात. मी तो वाचला आहे. त्यात घोड्यांच्या पोटफुगीवरचे उपाय आहेत. हे मी उस्तांना सांगितले तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले आणि तो सबंध दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ग्रंथ सुखरूप आहे, म्हणून मीही पुन्हा विषय काढला नाही.

सलोमत बीबींच्या पुस्तकाचे पहिले पान गळलेले होते.

सलोमत बीबी आमच्या मोहल्ल्यातल्या ओतिन, म्हणजे बायकांच्या बैठकीत वाचणाऱ्या. बारसे, लग्न, मयत, सगळ्याला त्याच लागतात. मुख्य म्हणजे मंगळवारची कहाणी. जिचा नवस पुरा होतो ती बाई मंगळवारी पिठाची पेज शिजवते, शेजारणींना बोलावते आणि ओतिन कहाणी सांगते. ती कहाणी, लग्नातले आशीर्वाद, मयताची गाणी, पाळणे, असे सगळे त्या पुस्तकात होते. एकीमागून एक तीन ओतिनबाईंनी ते लिहीत नेले होते. डोळे गेल्यावरही बीबींचे अडत नव्हते, कारण त्यांना पाठ होते. हिवाळ्यातल्या आजारपणानंतर मात्र कहाणीचा मधला भाग त्यांच्या मनातून पुसला गेला. कहाणी अर्धी सांगणे अशुभ मानतात. त्यामुळे तेव्हापासून मोहल्ल्यात एकही बैठक झाली नव्हती.

बीबी इस्पितळातून आल्या, त्यांनी पुस्तकाची पेटी उघडली आणि हाताला नुसते वरचे फडके लागले. त्या शेजारणीचा हात धरून कारखान्यात आल्या. मी तेथे होते. पुस्तक तोवर उसवून झाले होते आणि पाने चित्रकारांच्या मेजावर पडली होती. बीबींनी पान चाचपले, नाकाशी धरले आणि आपले आहे असे सांगितले.

उस्ता उद्धट नाहीत. त्यांनी बीबींना गादीवर बसवले, चहा दिला आणि मग म्हणाले, "बीबी, मी पुस्तक वाचायला आणत नाही. कसाई काय गाय पाळायला आणतो?"

बीबी म्हणाल्या, "नाही आणत. पण गाय कोणाच्या दावणीची, एवढं तरी कसाई विचारतो."

उस्तांनी मान खाली घातली, पण पाने दिली नाहीत. एका नव्या हॉटेलाच्या प्रत्येक खोलीत एकेक चित्र लावायचे काम त्यांनी घेतले होते आणि बुधवारी रंग सुरू व्हायचा होता. पुस्तकाची किंमत माझ्या पगारातून कापा, असे मी म्हणाले. दिलेला शब्द पगारातून कापता येत नाही, असे ते म्हणाले. मी दोन-चार पाने घेऊन संग्रहालयात गेले. तेथील बाईंनी आदराने पाहिली आणि एवढ्या अलीकडचे आम्ही घेत नाही, शिवाय यात चित्रही नाही, असे सांगितले. मी पाने परत आणून ठेवली. घरी वडील म्हणाले, नोकरी सांभाळ. आईच्या हातात सुई होती. ती जरीकाम करते आणि सुई हातात असताना बोलत नाही.

यापुढे जे झाले तो कट होता का, असे मला विचारण्यात आले. उस्तांच्या पत्नी साओदत आपा यांनी मुलीला मूल व्हावे म्हणून मंगळवारचा नवस बोलला होता, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. नातू झाला, रांगायला लागला, तरी बैठक राहिली होती. मी त्यांच्याकडे गेले आणि बैठक कधी, एवढेच विचारले. त्या म्हणाल्या की कहाणीच तुझ्या उस्तांच्या मेजावर पडली आहे, बैठक कशी घेऊ. मी म्हणाले, मग तिथेच घ्या. त्यांनी पीठ चाळायला घेतले.

मंगळवारच्या बैठकीत पुरुषाने पाऊल टाकू नये, आतले पाहू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. पाहणाऱ्याची दृष्टी जाते म्हणतात. मंगळवारी जेवणवेळेनंतर साओदत आपा पेजेचे पातेले घेऊन कारखान्यात आल्या, ते मधल्या मेजावर ठेवले आणि दिवा लावला. त्यांच्यामागून सलोमत बीबी, माझी आई, मावश्या आणि शेजारणी आल्या. चित्रकारांना कोणी बाहेर काढले असे विचारले आहे. उस्तांनीच काढले. दिवा पाहताच ते डोळ्यांवर हात धरून, ब्रश धुवायलाही न थांबता, सर्वांना घेऊन अंगणात गेले. दाराला कडी साओदत आपांनी आतून लावली.

पानांचा क्रम चित्रकारांनी बिघडवला होता. जुन्या पुस्तकांत प्रत्येक पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवतात. मी तो शब्द मोठ्याने वाचायचा आणि बायकांनी त्या शब्दाने सुरू होणारे पान शोधायचे, असे ठरले. त्यांना वाचता येत नव्हते. मी शब्द कागदावर मोठा काढून दाखवला की त्या आकारावरून शोधत. जरीकामाचे नमुने ओळखणाऱ्या त्या बायका. माझ्या आईने एकही पान चुकवले नाही. वर मला म्हणाली, "एवढ्यासाठी चार वर्षं लागली तुला?"

पाने लागली आणि कहाणी सुरू झाली. थोड्या वेळाने उस्तांनी बाहेरून विचारले, अजून किती चालेल.

साओदत आपा म्हणाल्या, "मध्ये पुरुषाचा आवाज आला. आता पहिल्यापासून सांगावी लागेल."

उस्ता यानंतर आणखी दोनदा बोलले.

कहाणी चौथ्यांदा सुरू झाली तोवर आई आणि मावश्यांनी सुया ओवल्या होत्या. सलोमत बीबी पाठ म्हणत होत्या. मधला भाग आला तशा त्या गप्प झाल्या. दिवा लावलेला, पेज निवत आलेली, सगळ्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मी त्या जागेचे पान घेतले आणि वाचू लागले. काही ओळी मी एकटीने वाचल्या. मग बीबींचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. मग तो पुढे गेला. पानाच्या शेवटी मी अजून अर्ध्या ओळीत होते आणि बीबी पान उलटायच्या आधीच पुढचे म्हणत होत्या. मी वाचणे थांबवले. शेवटपर्यंत मला पुन्हा वाचावे लागले नाही. बायका रडल्या का, हे मला सांगता येणार नाही, मला नीट दिसत नव्हते.

कहाणी संपल्यावर साओदत आपांनी दार उघडून उस्तांना पेजेचा वाडगा दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. नातवाच्या नवसाची पेज होती. आत मेज रिकामे होते. ते पाहून त्यांनी आपांना विचारले, "आणि माझी पानं?" आपा म्हणाल्या, "आधी पेज प्या. उभ्याने पिऊ नये." उस्ता बसले. सगळ्या बायका त्यांच्यासमोरून, एकेक करून, सलाम करत निघून गेल्या.

ते पुस्तक दोन दिवसांत ठाण्यात आणून द्यावे, असे मला सांगण्यात आले आहे. तसे पुस्तक आता नाही. आईने सुई हातात घेऊन मला विचारले होते, "एकत्र शिवू की कसं?" बाहेर पुरुष उभे होते आणि मला विचार करायला वेळ नव्हता. मी म्हणाले, वेगवेगळे शिवा. कहाणी वेगळी, पाळणे वेगळे, आशीर्वाद वेगळे, मयताची गाणी वेगळी. प्रत्येक भाग त्यांनी सोनेरी जरीने स्वतंत्र शिवला आणि एकेकीने एकेक पदराखाली घेऊन घरी नेला. सगळे पुस्तक एका पेटीत राहिले म्हणून एका नातवाला ते विकता आले. आता ते विकायचे तर मोहल्ल्यातल्या सगळ्या सासवांना आधी विचारावे लागेल.

भाग कोणाकडे आहेत ती नावे सांगण्यास मी तयार आहे. कहाणी सलोमत बीबींकडे आहे. मयताची गाणी माझ्या आईकडे आहेत. पाळणे साओदत आपांकडे, म्हणजे तक्रारदारांच्याच घरी आहेत. लग्नातले आशीर्वाद मुहर्रम आपा जुराएवा यांच्याकडे आहेत. येथे लेफ्टनंट जुराएव यांनी मला थांबवले आणि त्यांच्या आईचे नाव लिहायलाच हवे का, असे विचारले. खरे तेवढेच आणि सगळे लिहावे, असे त्यांनीच मला सुरुवातीला बजावले होते. ते उठून चहा घेऊन आले. एक पेला मलाही दिला.

मी उस्तांची नोकरी सोडलेली नाही. त्यांनी मला काढले तर कळेल. आज सकाळी ते कारखान्यात माझ्याशी बोलले नाहीत, पण मखमलीतला ग्रंथ डोळ्यांना लावून झाल्यावर फळीवर ठेवण्याऐवजी तो उघडून, उलटा धरून, बराच वेळ पाहत बसले होते.

ज्या घरात भाग गेला त्या घरातल्या एका मुलीने तो वाचायला शिकावे, असे मी मंगळवारीच सर्वांकडून कबूल करून घेतले होते. मुली येतील की नाही याची मला खात्री नव्हती, आणि नोटिशीवरून येथे यायचे असल्याने ते पुढे ढकलावे असे वडील म्हणत होते. मी पुढे ढकलले नाही. आज कारखान्यात जाण्यापूर्वी सलोमत बीबींच्या अंगणात तुतीखाली चटई टाकली. मुली आल्या, साओदत आपांची लेकही मूल कडेवर घेऊन आली, आणि पहिले अक्षर शिकवून मी उठले.

वरील मजकूर मीच लिहिला, मीच लेफ्टनंट जुराएव यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात त्यांनी काही खोडले नाही आणि मला काही गाळायचे नाही. बरोबर आहे म्हणून सही करते.

मुतबर हैतोवा