सोनेरी तोंडाचा राजा

दुपारचे बरोबर सव्वाबारा वाजले होते, मी बंटीला भात भरवत होते. तेवढ्यात माझे दीर, सुहासभावजी, ओरडले, "वहिनी, माझा राजा कुठाय?"

भावजींना एक खूळच होतं. टेबलावर अंतराळातल्या इजिप्शियन राजांच्या लढाईचा खेळ मांडायचा. त्यासाठी थर्माकोलचे पिरॅमिड कापायचे आणि कुवेतच्या मित्राने आणलेले बोटाएवढे शिशाचे शिपाई इजिप्तच्या राजांसारखे रंगवायचे. त्यातला सोनेरी तोंडाचा राजाच गायब!

मी बंटीच्या तोंडात बोट घातलं. माझा दीड वर्षाचा बंटी दिसेल ते तोंडात घालायचा. मी त्याला उलटा धरून पाठीत धपाटे घातले. चणा निघाला, राजा नाही.

"डॉक्टरकडे चला!" मी रडायलाच लागले.

"वहिनी, त्याच्या हातात भालापण होता हां," भावजी म्हणाले. मी आणखी जोरात रडले.

सासूबाई म्हणाल्या, "आगो, रडतेस कशाला? आधी देवाच्या पाया पड."

वाकले, तर देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी राजा बसलेला! दुधाने न्हालेला, हळदकुंकू लावलेला, अर्धा रंग उतरलेला.

"आई, हा देव नाही हो!"

"न्हाय कसा? तोंड सोन्याचं हाय. खिडकीत बेवारशी पडलेला, मी बसवला."

सासूबाईंनी गल्लीभर सांगितलेलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत बायका नारळ घेऊन दारात. अजूनही वज्रेश्वरी देवीच्या दर्शनाला जाता-येता कुणीतरी डोकावतंच. तेव्हा बायांनो, एवढं सगळीकडे सांगा: इथे नवस बोलू नका. आमचा देव परत टेबलावर गेला आणि भावजींच्या लढाईत पहिल्याच डावात मेला.