पोरीच्या साखरपुड्यातला कॉर्डलेस

...वायरचा माईक दे म्हटलतं की न्हाय मी? साउंडवाल्या गुंडूला हात जोडून म्हटलतं, बाबा, वायर असूंदे, पायात आली तर मी आडवा हुईन, पर आवाज जायचा तितंच जाईल! तर गुंडू म्हणतोय, "आबा, कुठल्या जमान्यात हाय तुमी? कॉर्डलेस घ्या, हातात धरून कुठं बी फिरा, नाद खुळा!" फिरा म्हणं! अवो, मी जाग्यावरच हुतो, माझा आवाजच फिरून आला की!

तुमास्नी सांगतो, एकुलत्या एका पोरीचा, निशाचा साखरपुडा. कसबा बावड्यात कार्यालय, एका छपराखाली दोन हॉल, मधी नुसतं प्लायवूड. अलीकडं आमी, पलीकडं दूध संस्थेची वार्षिक सभा. आता आपल्याकडची सभा म्हंजे काय इचारता... अध्यक्षानं तोंड उघडायच्या आधीच निम्मी "मंजूर, मंजूर" आणि निम्मी "नामंजूर, नामंजूर"! आणि दोन्हीकडं माईक गुंडूचंच, एकाच फ्रिक्वेन्सीचं! कुणाचा आवाज कुठल्या कर्ण्यातनं निघंल, देवाला ठाऊक. वायर असती तर...? जाऊंदे.

वडगावचं पावणं बसलं. नवऱ्यामुलाचं वडील विजयसिंहराव उठलं, लय रुबाबात म्हणालं, "आमाला मुलगी पसंत हाय. तुमच्याकडनं काय म्हणणं?" आणि आमच्याच कर्ण्यातनं... "नामंजूर! नामंजूर! खाली बसा!" पावणं खाली बसलं की ओ! नवरामुलगा पांढराफटक. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच वरडलोय. मी आपला पळत जाऊन, "पावणं, आमी न्हाय, ते दूधवालं हाईत, दूधवालं!"

वायर, वायर पायजे हुती...

आणि मग माझी पाळी. खरं सांगतो, पोरीशी मी कधी गोड बोललो न्हाय. आमच्यात बाप लोक बोलतोय व्हय असं? जीव तुटतोय, पर तोंडातनं निघताना त्याचं वरडणं हुतंय! पर त्या दिवशी म्हटलं, बोलायचंच. डोळं मिटलं, न्हायतर धीरच झाला नसता, आणि बोललो की! म्हटलं, निशा, तू पुण्याला शिकाय गेलीस, तवा तुझ्या खोलीत जाऊन मी उगंच पंखा लावून बसायचो. म्हटलं, तुझी गाडी दारात लागल्याबिगर मी कधी झोपलो न्हाय, नुसतं घोरायचं सोंग करायचो. म्हटलं, तू गेल्यावर मी कुणावर वरडू गं? बोलताना कायतरी घुमत हुतं, मला वाटलं माझाच आवाज दाटलाय.

डोळं उघडतोय तर समदी तोंड दाबून हसाय लागल्यात! निशा बी! का? तर मी स्टेजवर डोळं पुसाय लागलोय आणि कर्ण्यातनं अध्यक्ष सांगाय लागल्यात, "भाकड म्हशीला सुद्धा पेंड कमी पडता कामा नये!"

मग माझं बोलणं गेलं कुठं? पलीकडं! तिकडं अध्यक्ष नुसताच तोंड हलवतोय आणि आवाज माझा! आणि समदं एका सुरात, "मंजूर! मंजूर!" प्लायवूड हाललं की ओ! आकाराम म्हणून एक म्हातारं सभासद उपरण्यानं नाक पुसत आमच्यात आलं. "पावणं, इतकी वर्षं सभेला येतोय, अध्यक्षाच्या तोंडनं पयल्यांदाच कायतरी खरं ऐकलं! बिनविरोध केला बगा त्याला!"

तेवढ्यात निशा जवळ आली. हसणं गेलतं तिचं. "आबा, पलीकडं माणसं रडाय लागल्यात. माझ्याबद्दल काय बोललासा? मला ऐकायचं हाय. परत बोला की."

गुंडू लगेच वायरचा माईक घेऊन हजर! आता आला शहाणपणा! माईक हातात, पोरगी समोर. आवाज दुसरीकडं कुठं बी जाणार न्हाय, सरळ तिच्याच कानात.

आणि तुमास्नी सांगतो, तोंडातनं शब्द निघंना! घसा खाकरला, पोरीकडं बघितलं, न्हाय बघवलं... आणि म्हटलं,

"मंडळी, पानं मांडल्यात. जेवायला चला."