दगडातली ओल

आयर्लंडमधल्या एनिसच्या बसथांब्यावर शकुंतलाबाईंचा रोजचा जप चालला होता. मागून कुणा बाप-लेकीचं मराठी ऐकू आलं, आणि माळ बोटांतच थांबली.

“बाबा, आज दुरुस्तीच्या कमिटीला स्पष्टच सांगणार आहे. शेजारच्या गावच्या कॅथेड्रलच्या सांध्यांतलं सगळं सिमेंट काढायचं.”

“शर्वाणी, वेड लागलंय का तुला? सातशे वर्षांची भिंत ती, आणि तू तिचा आधार काढतेस?”

“आधार सिमेंटचा नाहीच. त्या टोकदार कमानी सगळा भार खांबांवर उतरवतात. सांध्यांत पूर्वी चुना होता, त्यातून ओल बाहेर पडायची. सिमेंटनं ती कोंडली, म्हणून दगडाचे पापुद्रे सुटतायत.”

“चाळीस वर्षं इंजिनिअर होतो मी. सिमेंटनं कुणाचं वाईट झालेलं नाही.”

“कमिटीतले एक आजोबा हेच म्हणतात. ‘इट्स ग्रँड, छान आहे की, राहू दे!’”

“शहाणा माणूस दिसतोय.”

“असू दे. काम गेलं तरी चालेल, पण सिमेंट राहू देण्याच्या कागदावर मी सही करणार नाही.”

वडिलांनी बोटांची टोकं एकमेकांवर घासली.

“पापुद्रे म्हणजे, हात फिरवला की भुकटी लागते तसे?”

“हो. का?”

“आपल्या गावच्या महादेवाच्या गाभाऱ्यात लागते तशी. तिथलं सिमेंट मीच भरून घेतलंय.”

“बाबा...”

“चल, बस आली. गाभाऱ्याचे फोटो आहेत माझ्या फोनमध्ये. कमिटीत त्या शहाण्या माणसाच्या शेजारीच बसतो आज, त्यालाच दाखवतो.”